कवितेला टाळी, कोयत्याला काय?

बीड जिल्ह्यातला नारायणगड म्हणजे नगद नारायण महाराजांचा गड. भाविक त्याला 'धाकटी पंढरी' म्हणतात. हा सारा जिल्हा पावसाच्या भरवशावर जगणारा. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच गावोगावची बिऱ्हाडे हलू लागतात. पत्र्याच्या पेट्या, चूल, शेळी, कडेवरचे पोर असा सगळा संसार पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकच्या फडांकडे निघतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात 'एक कोयता'. माणसे मोजायची ती अवजाराच्या नावाने! एखाद्या कवीला याहून भेदक प्रतिमा सुचली असती का?

आपण शहरातली मराठी माणसे ग्रामीण कवितेवर प्रेम करतो, यात शंका नाही. बहिणाबाई चौधरी 1951 साली गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. त्यातल्या ओळी आपण सुभाषितांसारख्या वापरतो. त्यांमागचे अकाली वैधव्य आणि शेतातले राबणे मात्र विसरतो. ना. धों. महानोरांच्या 1967 च्या 'रानातल्या कविता' आपल्याला चांदण्यासाठी आठवतात. तेच महानोर विधान परिषदेत शेती आणि पाणी यांवर तळमळीने बोलत, याची आठवण किती रसिकांना आहे? इंद्रजित भालेरावांनी तर एका कवितेतून शहरी दोस्ताला काट्याकुट्यांच्या वाटेने गावाकडे बोलावले. कविता गाजली, टाळ्या पडल्या. पण दोस्त गेला का?

2019 साली शासनाच्या समितीपुढे आलेल्या माहितीनुसार, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या तेरा हजारांहून अधिक बायकांची गर्भाशये काढलेली होती. कामाला खाडा झाला की पैसे कापले जातात. मग पाळीचे, पोटाचे दुखणे अंगावर काढणार तरी किती दिवस? शहर चार दिवस हळहळले आणि पुढच्या बातमीकडे वळले. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढवून टनाला 366 रुपये ठरला. म्हणजे किलोमागे सदतीस पैसेही नाहीत. आपल्या सकाळच्या चहातली साखर या हिशेबातून येते.

ही बेपर्वाई परक्यांची असती तर एवढे वाईट वाटले नसते. पण पुण्या-मुंबईतल्या आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजोबा अशाच गावात राबले. आपण गाव सोडले आणि गावाची कविता मात्र जवळ ठेवली. ती वाचून डोळे पाणावले की आपले कर्तव्य संपले, असे आपल्याला वाटू लागते. हे समाधान फार स्वस्तातले आहे.

कवितेने पाऊस पडत नाही, उचलही फिटत नाही, हे खरे. पण ज्याला व्यवहाराने 'कोयता' केले, त्याला कविता पुन्हा माणूस करते. पुढचे काम वाचकाचे. कवितेतली ती बाई यंदा कुठल्या फडावर आहे, तिची पोरे कुठल्या शाळेत जातात, एवढा साधा प्रश्न तरी आपण विचारणार की नाही?