‘एपिसोड आवडला’ म्हणजे नक्की काय आवडलं?

प्रश्नावली करायला बसलं की पहिला प्रश्न हमखास हाच सुचतो: हे तुम्हाला किती आवडलं, १ ते ५? मीही तेच लिहिलं होतं. कच्चा मसुदा बघून गाइडनी एवढंच विचारलं, "पाच म्हणजे कशाला पाच?" तेव्हा उत्तर सुचलं नाही. ते सापडलं एका जुन्या ब्रिटिश सिटकॉममध्ये.

‘फॉल्टी टॉवर्स’ ही बीबीसीची मालिका. टॉर्कीमधलं एक हॉटेल आणि पाहुण्यांवरच खेकसणारा मालक बॅसिल, म्हणजे जॉन क्लीज. १९७५ आणि १९७९ असे दोन सीझन, सगळे मिळून फक्त १२ भाग. पहिल्या सीझनचा शेवटचा भाग ‘द जर्मन्स’. जर्मन पाहुण्यांसमोर युद्धाचा विषय काढायचा नाही असं बॅसिल बजावतो, आणि डोक्याला मार लागलेला असल्यामुळे स्वतःच दर वाक्यात तो काढतो.

मोठा वाद मात्र जर्मनांवरून नाही झाला. हॉटेलात कायम मुक्कामाला असलेला एक म्हातारा मेजर आहे. एका बाईला ओव्हलवर भारताची मॅच बघायला नेलं होतं, असा किस्सा तो सांगतो. बाई भारतीयांना एक वंशद्वेषी शिवी देते आणि मेजर तिची ‘चूक’ सुधारतो: ती शिवी वेस्ट इंडियन लोकांसाठी, भारतीयांसाठी दुसरी! (आपल्यासाठीचीच शिवी. मी आधी हसलो, मग जरा थांबलो.)

२०१३ मध्ये पुनःप्रक्षेपणात बीबीसीने ही वाक्यं कापली. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतरच्या आंदोलनांच्या काळात, यूकेटीव्हीने आपल्या स्ट्रीमिंग सेवेवरून हा भागच काढला. क्लीज भडकले. त्यांचं म्हणणं, ज्याची टिंगल करायची त्याच्याच तोंडी मूर्खपणा घातलाय, म्हणजे आपण त्या मतांचा प्रचार नाही करत. काही दिवसांत भाग परत आला, आधी इशारा लावून.

आता प्रेक्षक मेजर*ला* हसतो की मेजर*बरोबर* हसतो? लेखकाचा हेतू सांगून याचं उत्तर मिळत नाही. प्रेक्षकालाच विचारावं लागतं.

तसं एक काम १९७४ मध्ये झालंय. नील विडमार आणि मिल्टन रोकीच यांनी ‘ऑल इन द फॅमिली’ या अमेरिकन मालिकेच्या प्रेक्षकांचा अभ्यास केला. (तीही मूळ ब्रिटिश ‘टिल डेथ अस डू पार्ट’वरून घेतलेली.) नायक आर्ची बंकर उघड पूर्वग्रहदूषित, आणि मालिका त्याची खिल्ली उडवण्यासाठी लिहिलेली. निष्कर्ष काय? पूर्वग्रह जास्त असलेले आणि कमी असलेले, दोघांनाही मालिका मजेशीर वाटली. पण जास्त पूर्वग्रह असलेल्यांना आर्ची कौतुकास्पद वाटण्याची शक्यता जास्त होती. याला निवडक आकलन म्हणतात.

माझ्या १ ते ५ मध्ये ही दोन्ही माणसं एकाच खान्यात पडली असती. सरासरी ४.५, स्टँडर्ड डेव्हिएशन छोटं, ग्राफ देखणा, आणि हाती शून्य. इथे सॅम्पल वाढवूनही फायदा नाही, कारण चूक मोजपट्टीतच आहे.

अर्थात आर्चीचा निष्कर्ष उचलून मेजरला चिकटवू नका. आर्ची मुख्य पात्र, दर भागात समोर असणारा. मेजर दुय्यम, आणि त्या शिव्या एका भागातल्या चार ओळींत. शिवाय अभ्यास सहसंबंधाचा आहे. मालिका बघून पूर्वग्रह वाढला, असं त्यातून सिद्ध होत नाही. व्हायवात नेमकं इथेच पकडतात.

मग मी प्रश्न बदलला: "या प्रसंगात कोण हास्यास्पद ठरलं?" गाइडनी तोही परत पाठवला, कारण कुणीतरी हास्यास्पद ठरलंय हे प्रश्नानेच सांगून टाकलं होतं! सध्या क्रम असा आहे: आधी "या प्रसंगात काय घडलं ते तुमच्या शब्दांत लिहा", मग मेजरबद्दल मत, आणि आवडीचा आकडा सगळ्यात शेवटी. मोकळी उत्तरं कोड करायला जीव जातो. दोन कोडर लागतात, आणि दुसरा कोडर मी अजून शोधतोय.