स्टिअरिंग हलकं पडतं तेव्हा

जपानमधल्या आर्केडवरून सेगाची पाटी उतरणार आणि तिथे गीगो या नव्या नावाची लागणार, ही बातमी 2022 मध्ये आली तेव्हा जुन्या गेम्सच्या नावाने गळे काढणं जोरात सुरू झालं. मला गळे काढणाऱ्यांपेक्षा रेसिंग गेमची ती अवजड कॅबिनेट घरी नेऊन दुरुस्त करणाऱ्यांत जास्त रस आहे. माझं त्यांच्याशी थोडं भांडणही आहे.

ही मंडळी आधी स्क्रीनच्या मागे लागतात. समजू शकतो. अटारी गेम्सच्या 1989च्या ‘हार्ड ड्रायव्हिन’चं कॉकपिट घ्या. त्याचा मॉनिटर साध्या टीव्हीसारखा 15 किलोहर्ट्झवर चालत नाही, कॉम्प्युटरच्या 31वरही नाही. मधेच, 25च्या आसपास. तसा मिळणं मुश्कील, म्हणून एलसीडी येतो, मग नवे स्टिकर, मग रंग. स्टिअरिंगची पाळी शेवटी, तीही दणदणीत मोटर बसवून उरकलेली.

या यंत्राचा जीव तर तिथेच आहे. सेगाच्या 1986च्या ‘आउटरन’चं स्टिअरिंग थरथरायचं, बस. ‘हार्ड ड्रायव्हिन’मध्ये किल्ली होती, क्लच होता, चार गिअर होते, पण खरी करामत हाताला उलट ढकलणाऱ्या मोटरची. गाडीच्या गणितासाठी अटारीने सल्ला घेतला डग मिलिकन यांचा. गेमच्या श्रेयनामावलीत ते ‘टेस्ट ड्रायव्हर’ आहेत! याच गृहस्थांनी वडील विल्यम मिलिकन यांच्याबरोबर 1995 मध्ये ‘रेस कार व्हेइकल डायनॅमिक्स’ हा जाडजूड ग्रंथ काढला. रेसिंग इंजिनिअरांच्या टेबलावर तो आजही असतो. नाण्यांवर चालणाऱ्या खेळाला असा माणूस लाभला, याचं मला अजून नवल वाटतं.

खऱ्या गाडीत स्टिअरिंग हाताला ढकलतं ते कशामुळे? वळणावर टायरचा रस्त्याला टेकलेला भाग पिळवटतो. बाजूचं बळ त्या भागाच्या मधोमध लागत नाही, जरा मागे लागतं. म्हणून चाक सरळ व्हायला बघतं आणि स्टिअरिंग जड लागतं. टायर घसरायच्या बेताला आला की ते बळ पुढे सरकतं, जडपणा उतरू लागतो. पकड पुरती सुटण्याआधीच हाताला खबर मिळते. म्हणजे ड्रायव्हरला सावध करतो तो धक्का नव्हे, हलकेपणा.

आता दणदणीत मोटरकडे या. मोटर कितीही मोठी असली तरी तिच्या जोराला छत असतं. सेटिंग इतकं वर नेलं की प्रत्येक वळणावर ती छताला टेकते, आणि ‘जड’ व ‘जरा कमी जड’ यांतला फरक छाटला जातो. खांदे भरून येतात, कळत काहीच नाही. उलट टोकाला झिजलेली बेअरिंग, सैल पट्टा, दांड्यातला प्ले, म्हणजे ढिलाई: एवढासा फरक त्या घर्षणात आणि ढिलाईतच जिरतो. मग मालक जोर आणखी वाढवतो!

जुन्याच मोटरचा माझा हट्ट नाही. पट्ट्याशिवाय थेट दांड्याला जोडलेली नवी डायरेक्ट ड्राइव्ह मोटर खुशाल बसवा. पण त्याआधी वीजपुरवठ्यातले फुगलेले कॅपॅसिटर बदला, प्ले काढा, चाकाची दिशा मोजणारा सेन्सर नीट बसवा. जोर निम्म्याहून कमी ठेवून गाडी वळणात मुद्दाम घसरवा. स्टिअरिंग हलकं झालेलं जाणवलं नाही, तर स्टिकर चिकटवायची घाई करू नका.