कंटेनरमधले व्हीपीएन कोणाला झाकते?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. या लहरींच्या विदेचे विश्लेषण करणारी सॉफ्टवेअर अनेक ठिकाणी कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या फाइल्स एकत्र बांधलेला वेगळा कप्पा) चालतात. हिंगोलीच्या विद्यार्थ्यांनी हे तंत्र शिकावे, असे मनापासून वाटते. दूरच्या सर्व्हरशी जोडून घ्यायला पुष्कळदा व्हीपीएनही (इंटरनेटवरून जाणारा कूटबद्ध खासगी मार्ग) लागते.

कंटेनरमध्ये व्हीपीएन सुरू केले की सगळा लॅपटॉप झाकला गेला, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात सहसा झाकली जाते ती फक्त त्या कंटेनरची नेटवर्कवरची वाहतूक. जणू वाड्यातल्या एका खोलीतली माणसे पडदे लावलेल्या गाडीतून बाहेर पडतात. बाकीच्या खोल्यांतली उघडपणेच जातात. दरवाजा मात्र सर्वांचा एकच.

कंटेनर म्हणजे स्वतंत्र संगणकही नव्हे. तो मूळ संगणकाचेच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वापरतो. म्हणून व्हीपीएनसाठी त्याला नेटवर्कची मांडणी बदलण्याची खास परवानगी द्यावी लागते. तेवढीच द्यावी, सगळे अधिकार देणारा सोपा पर्याय टाळावा, कारण मग कप्प्याची भिंत नावापुरती उरते.

व्हीपीएन फक्त कंटेनरपुरते असते, या मर्यादेचा फायदाही आहे: कामाचा प्रोग्रॅम व्हीपीएनमधून, बाकी सारे नेहमीच्या मार्गाने. फक्त व्हीपीएन तुटल्यास कंटेनरची वाहतूक उघड्यावर जाऊ नये, म्हणून फायरवॉलमध्ये (नेटवर्कची वाहतूक नियमांनुसार सोडणारी किंवा अडवणारी यंत्रणा) तसा नियम आधीच घालून ठेवावा.