वेस्ट पॉइंटला हरवणारी शाळा

अमेरिकन फुटबॉलचा विषय निघाला की आमच्या डॉर्मिटरीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : चेंडू तर हातात धरतात, मग याला फुटबॉल का म्हणायचे? प्रश्न बरोबर आहे. हा खेळ रग्बीतून निघाला आणि जुने नाव चिकटून राहिले. नियम थोडक्यात सांगतो, त्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. दोन्ही बाजूंना अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचे. जमले तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू दुसऱ्यांकडे. शेवटची रेषा ओलांडली की टचडाऊन, म्हणजे सहा गुण. चार प्रयत्न आणि सहा गुण हे दोन्ही नियम १९१२ साली आले. त्याआधी प्रयत्न तीन आणि गुण पाच होते.

मला ज्या संघाबद्दल लिहायचे आहे, त्याचा गाजलेला मोसमही १९१२ चाच. संघ पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलचा. सामने मोठमोठ्या विद्यापीठांशी, पण हे स्वतः कॉलेजसुद्धा नव्हते. १८७९ साली रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने लष्कराच्या जुन्या बराकींत काढलेली ही निवासी शाळा होती. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची मुले दूरदूरच्या वस्त्यांतून तिथे आणत. आल्याबरोबर केस कापत, गणवेश चढवत, इंग्रजी नाव देत. मग बिगूल, ड्रिल, रांगेने जेवण. इथपर्यंत आपल्याला सगळे ओळखीचे वाटेल. पण तिथे स्वतःची भाषा बोलायला बंदी होती, बोलले तर शिक्षा. मुलातला 'इंडियन' मारून माणूस वाचवायचा, असे प्रॅट उघड सांगत असे. आमच्याकडेही दिवसभर इंग्रजी आणि हिंदीच चालते, मराठी बोलणारे आम्ही मोजकेच. पण लाइट्स आउटनंतर मराठीत कुजबुजलो तर ओरडा बसतो तो कुजबुजल्याबद्दल, मराठीबद्दल नाही. आणि मासिकात हे पानही आहे. हा फरक मला लहान वाटत नाही.

कार्लाइलचे खेळाडू मोठ्या विद्यापीठांच्या मानाने वजनाने हलके होते. समोरासमोर ढकलाढकलीत ते टिकले नसते. म्हणून त्यांचा प्रशिक्षक पॉप वॉर्नर याने वेग आणि हुलकावणी यांवर भर दिला. एरवी पुढच्या फळीमागे चार खेळाडू दाटीने उभे राहत. वॉर्नरने त्यातले दोघे पुढे आणून फळीच्या दोन टोकांना ठेवले. तिथून ते पास झेलायला पळू शकत, मागून वळून चेंडू घेऊ शकत किंवा कोणाला अडवू शकत. यातले काय होणार हे कळेना, म्हणून बचाव करणाऱ्यांना पांगावे लागे आणि मधे वाट मोकळी होई. आमच्या पीटी सरांना हा डाव कागदावर काढून दाखवला, तर ते म्हणाले, हा तर बगलेवरचा हल्ला.

९ नोव्हेंबर १९१२ रोजी हा संघ वेस्ट पॉइंटला गेला, म्हणजे थेट अमेरिकी लष्कराच्या अकादमीत. वुंडेड नी इथे लष्कराने लाकोटा लोकांची कत्तल केली, त्याला तेव्हा जेमतेम बावीस वर्षे झाली होती. खेळाडूंना ते आठवून द्यायची गरज नव्हती. पहिला टचडाऊन लष्कराने केला, पण शेवटी कार्लाइलने २७-६ असा सामना जिंकला. अ‍ॅलेक्स आर्कासाने तीन टचडाऊन केले. लष्कराच्या कर्णधाराला मारामारीबद्दल मैदानाबाहेर काढावे लागले. कार्लाइलचा जिम थॉर्प त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकून आला होता. त्याला दोघांनी मिळून एकाच वेळी आडवे करायचे ठरवले, पण तो ऐन वेळी थबकला आणि दोघे एकमेकांवरच आदळले, असे सांगतात. त्या दोघांतला एक होता ड्वाइट आयझेनहॉवर, पुढे दुसऱ्या महायुद्धातला सरसेनापती आणि अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष.

पुढच्याच आठवड्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कार्लाइलला ३४-२६ असे हरवले. थकवा असणार, असा माझा अंदाज. मोसमात एकूण बारा विजय, एक पराभव, एक बरोबरी.

यश मात्र त्यांच्या वाट्याला फार काळ आले नाही. थॉर्पने पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळले, या कारणावरून १९१३ साली त्याची पदके काढून घेण्यात आली. त्यांच्या प्रतिकृती त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, १९८३ साली घरच्यांना मिळाल्या. शाळेच्या कारभाराविरुद्ध विद्यार्थ्यांनी सह्या गोळा केल्या, त्यात पुढे होता संघाचाच क्वार्टरबॅक गस वेल्च. १९१४ साली अमेरिकी संसदेकडून चौकशी झाली आणि १९१८ साली शाळा बंद पडली.

आज त्या जागेवर लष्कराचे वॉर कॉलेज आहे. शाळेत असताना वारलेल्या मुलांचे दफन तिथेच झाले होते. २०१७ पासून त्यांचे अवशेष त्यांच्या त्यांच्या लोकांकडे परत पाठवले जात आहेत. काही दगडांवर नावाच्या जागी फक्त 'अज्ञात' असे कोरलेले आहे.