एकाकीपणाकडून द्वेषाकडे : इन्सेल समूहाचा मागोवा (१९९७ ते २०२३)

प्रेमाची आणि सहवासाची इच्छा असूनही ती वाट्याला न आलेल्यांसाठी कॅनडातील एका विद्यार्थिनीने १९९७ मध्ये एक संकेतस्थळ सुरू केले आणि त्यावर स्त्रिया व पुरुष दोघेही आपला बुजरेपणा, न्यूनगंड आणि एकटेपणा एकमेकांपाशी मोकळा करीत असत. ‘इन्सेल’, म्हणजे इच्छेविरुद्ध ब्रह्मचर्य वाट्याला आलेली व्यक्ती, ही संज्ञा याच उपक्रमातून पुढे आली. संस्थापिका काही वर्षांतच बाजूला झाली आणि पुढे ही ओळख प्रामुख्याने संतप्त तरुण पुरुषांच्या गटांनी ताब्यात घेतली.

या गटांत ‘ब्लॅकपिल’ नावाचे मत रुजले. उंची, जबड्याची ठेवण आणि चेहरा यांवरच पुरुषाचे नशीब ठरते, स्त्रिया दुसरे काही पाहतच नाहीत, म्हणून सारे प्रयत्न व्यर्थ आहेत, असा त्याचा गाभा होय. या मताचे घातकपण स्त्रीद्वेषात आहे तितकेच त्याने लादलेल्या निराशेतही आहे. कारण उपचार घेऊ पाहणाऱ्याची किंवा मैत्रीसाठी धडपडणाऱ्याची तेथे टर उडवली जाई, त्यामुळे दुःख तसेच राही आणि त्याचे खापर स्त्रियांवर फुटे. बहुसंख्य सदस्यांनी कधी कोणावर हात उगारला नाही हे खरे. परंतु स्त्रियांना माणूस न मानणारी भाषा तेथे नित्याची झाली, हे नुकसानही लहान नव्हे.

मे २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील आयला व्हिस्टा येथे २२ वर्षांच्या तरुणाने ६ जणांचा बळी घेऊन आत्महत्या केली, तेव्हा काही गटांनी त्याचा उदोउदो केला. २०१७ मध्ये रेडिटने असा एक मोठा गट बंद केला. सदस्य मात्र दुसरीकडे जमले. २३ एप्रिल २०१८ रोजी टोरांटोत एकाने पदपथावरून व्हॅन चालवून १० जणांना ठार केले. जखमींपैकी एक स्त्री २०२१ मध्ये दगावली. त्याच वर्षी निकाल देताना न्यायमूर्ती अॅन मोलॉय यांनी आरोपीचे नाव उच्चारण्याचे कटाक्षाने टाळले, कारण कुप्रसिद्धी हेच त्याचे मोठे उद्दिष्ट होते आणि त्यासाठीच त्याने इन्सेल विचारांचा आधार घेतल्याचे त्यांना दिसून आले. हा संयम वृत्तमाध्यमांनीही अनुसरायला हवा होता.

फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच शहरातील मसाज केंद्रात १७ वर्षांच्या मुलाने एका स्त्रीची हत्या केली. ही हत्या इन्सेल विचारांतून घडलेले दहशतवादी कृत्य असल्याचे कॅनडाच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवले आणि त्याला प्रौढ मानून जन्मठेप सुनावली.