भाजीखाली लपलेलं पातं

वरंधा घाटाच्या पायथ्याच्या वरंध परिसरात वाळवणाला मुदत असते. जूनमध्ये पावसाने घाटाखालची ही गावं एकदा धरली की चार महिने अंगणात काही सुकत नाही. त्यामुळे होळी झाली की बटाट्याचे वेफर्स, साबुदाण्याच्या पापड्या, कुरडया ही कामं उरकायची असतात. आठ-दहा किलो बटाटे सोलायचे, त्यांच्या सारख्या जाडीच्या चकत्या पाडायच्या, उकळत्या मिठाच्या पाण्यातून काढायच्या आणि ऊन वाया न जाता कापडावर पसरायच्या, हे सगळं एका सकाळीत बसवायचं तर विळीचं काम नाही. तिथे किसणी लागते. कोणी तिला वेफर्सची किसणी म्हणतं, कोणी चिप्सची, दुकानदार स्लायसर म्हणतो. फ्रेंच स्वयंपाकघरातली मँडोलिन ती हीच.

विळीवर हात बसलेल्या माणसालाही ही किसणी कापते. याचं कारण नीट समजून घ्यायला हवं, कारण बाकीची सगळी काळजी त्यातूनच निघते.

सुरीने कापताना भाजी जागेवर असते आणि पातं फिरतं. विळीवर आणि किसणीवर उलटं: पातं स्थिर, भाजी फिरते. म्हणून विळी वापरणाऱ्याला किसणी ओळखीची वाटते. पण विळीचं पातं डोळ्यांसमोर उभं असतं. भाजी दोन्ही हातांत, बोटं पात्याच्या दोन्ही अंगांना, आणि प्रत्येक काप कुठे संपतो ते दिसतं. किसणीचं पातं आडवं, फटीला लागून असतं. बटाटा त्यावर आला की तो पात्याला झाकून टाकतो, आणि तळहात दर फेरीला नेमका धारेवरून जातो. आता हिशेब पाहा. पातं दीड मिलिमीटरवर लावलं असेल तर वीस फेऱ्यांत तीन सेंटिमीटर बटाटा गेला. सहा सेंटिमीटरचा मोठा बटाटा चाळीस फेऱ्यांत संपतो, म्हणजे हात सरावाचा असेल तर मिनिटभरात. हाताची लय पहिल्या फेरीला होती तीच चाळिसाव्या फेरीलाही असते, पण मधलं अंतर मात्र संपलेलं असतं. जखमा होतात त्या बहुतेक याच शेवटच्या सेंटिमीटरमध्ये.

या जखमेचा प्रकारही वेगळा आहे. सुरीची जखम बहुधा चीर असते, तिच्या कडा जुळतात. किसणी बोटाच्या टोकाची चकतीच काढते. मग जुळवायला कडाच उरत नाहीत, रक्त लवकर थांबत नाही आणि भरून यायला आठवडे जातात.

विकत घेताना आधी पात्याकडे बघू नये, पाटीकडे बघावं. पाटीच्या मध्यावर अंगठ्याने जोर द्यावा. ती लवली तर चकत्या एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ पडणार, आणि तसे वेफर्स पाण्यात अर्धे विरघळतात, अर्धे कच्चे राहतात. जाडीचा स्क्रू किंवा खटका घट्ट बसतो का, काम करताना सरकत तर नाही, ते दुकानातच फिरवून पाहावं. पायांना रबर असावं, किंवा पातेल्याच्या काठावर अडकायला खाच असावी. पातं खिळ्यांनी कायमचं ठोकलेलं असण्यापेक्षा स्क्रूवर असलेलं बरं, कारण धार गेल्यावर ते बदलता येतं. सरळ पातं टणक भाजीला अडतं. तिरकं पातं, जसं जपानमधल्या इवाकुनीच्या बेनरायनर किसणीत असतं, ते कमी जोरात सरकतं. व्ही आकाराचं पातं पिकलेल्या टोमॅटोलाही चिरडत नाही. आपल्याकडच्या लाकडी पाटीच्या, एका पात्याच्या किसण्या आजही उत्तम काम देतात. फक्त त्यांची जाडी ठरलेली असते आणि पावसाळ्यात लाकूड फुगतं.

होल्डरशिवाय किसणी घेऊच नये. होल्डर म्हणजे बटाटा टोचून धरणारी दात्यांची टोपी. ती पाटीच्या कडांवर बसून सरकत असेल तर सर्वांत चांगलं. घरोघरी हाच होल्डर पहिल्या दिवशी डब्यात जातो आणि तिथेच राहतो, कारण त्याने वेग कमी होतो आणि शेवटचा तुकडा वाया जातो असं वाटतं. तो तुकडा वाया जात नाही. असे तुकडे एका वाटीत साठवावेत, संध्याकाळी रस्सा होतो.

होल्डर नकोसा वाटत असेल तर न कापणारा हातमोजा हवा. त्यावर ईएन ३८८ ही युरोपीय मानकाची खूण आणि तिच्यापुढे आकडे-अक्षरं असतात. २०१६ पासून त्यात कापण्याच्या प्रतिकारासाठी ए ते एफ अशी श्रेणी आली आहे. ए सर्वांत कमी, एफ सर्वांत जास्त. घरी सी किंवा त्यापुढचा घ्यावा. साधा रबरी मोजा इथे काहीही वाचवत नाही.

कामाला बसताना किसणीखाली ओलं फडकं घालावं. बटाट्याचा एक काप सुरीने काढून सपाट बाजू पात्यावर टेकवावी, म्हणजे तो गडगडत नाही. तळहात सपाट ठेवावा, बोटं खाली वाकवू नयेत. जोर लागतोय असं वाटलं की थांबावं: एकतर पातं बोथट झालंय, नाहीतर भाजी या यंत्राची नाही. सुरण, लाल भोपळा यांना विळीच बरी. कच्च्या केळ्याच्या चिकासाठी तेल पात्याला लावावं, हाताला नाही. तेलकट हात केळ्यावरून घसरला तर तो थेट धारेवर जातो. वेफरवाल्यांच्या दुकानात किसणी कढईवर धरून केळी थेट तेलात पाडतात, ते पाहून घरी तसं कधीही करू नये. वाफ, उडणारं तेल आणि उघडी धार हे तिन्ही एका हाताने सांभाळणं रोज तेच काम करणाऱ्यालाच जमतं.

जाडीचं गणित पदार्थावर आहे. कोशिंबिरीच्या काकडीला मिलिमीटरभर पुरे. वाळवणाच्या वेफर्सना दीड ते दोन, त्याहून पातळ केले तर उकळताना फाटतात. वरंधा घाटात वाघजाई मंदिरापाशी प्रवासी चहा-भज्यांसाठी थांबतात. तसली बटाटाभजी घरी करायची तर चकती तीनेक मिलिमीटरची हवी, नाहीतर तोंडात नुसतं पीठ येतं. बटाटाही महत्त्वाचा. थंड गोदामातल्या बटाट्यात साखर वाढते आणि वेफर तळताना करपल्यासारखा तांबडा होतो. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये कुफरी चिप्सोना हे वाण आणले ते साखर कमी राहावी म्हणूनच. चकत्या पाण्यात पडू द्याव्यात, त्यांचा स्टार्च धुतला जातो आणि त्या चिकटत नाहीत.

तरीही कापलंच, तर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा आणि दहा-पंधरा मिनिटं मधे उचलून बघू नये. हळद भरू नये. डॉक्टरांना नंतर जखम साफ करणं अवघड होतं. रक्त थांबत नसेल, बोट बधिर असेल, वाकत नसेल किंवा माणूस रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर लगेच निघावं. इथून उपचारासाठी बिरवाडी किंवा महाड गाठेपर्यंत वेळ जातो, तो घरी घालवू नये. तुकडा पूर्ण सुटला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून सोबत न्यावी. तुकड्याला बर्फ थेट लागू देऊ नये. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं, तेही डॉक्टरांना सांगावं.

किसणी धुताना होणारे अपघातही पुष्कळ. साबणाच्या पाण्यात ती बुडवून ठेवू नये, कारण फेसाखाली पातं पुन्हा दिसेनासं होतं. वाहत्या पाण्याखाली, पाठीमागच्या बाजूने, दांड्याच्या ब्रशने घासावी. लगेच पुसून पात्यावर खोबरेल तेलाचं बोट न फिरवता तेलाचा बोळा फिरवावा; पाऊसकाळात या भागात लोखंडी पात्याला एका रात्रीत गंज धरतो. जाडी शून्यावर आणून, पुठ्ठ्यात घालून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवावी. चमच्यांच्या खणात मात्र कधीही नको.