मांडवीतून फटफटी काढताना

मोटारसायकलला फटफटी म्हणणारी पिढी आता आजी-आजोबांची झाली, पण शब्द मला फार आवडतो. गुजरातीतही जवळजवळ तोच आहे, फटफटियुं. दोन्ही भाषांनी आवाज ऐकूनच नाव ठेवलंय. आता आवाज तरी सगळ्यांचा एक कुठे असतो? बुलेट धप-धप करत जाते, येझदी टर्रर्र करून अख्खी पोळ जागी करते, आणि स्प्लेंडर चालू आहे की बंद हे सिग्नलला हात लावून पाहावं लागतं. हे आवाज वेगळे का, आणि एकीपेक्षा जास्त गाड्या चालवायला मिळण्यात एवढी काय मजा आहे, असं हॉस्टेलवर मला इतक्यांदा विचारून झालंय की या अंकात लिहूनच टाकते.

आमचं घर बडोद्याला, मांडवीजवळ. आजोबा राहुरीकडचे. रेल्वेच्या नोकरीसाठी आले, प्रतापनगरच्या वर्कशॉपात लागले आणि इथलेच झाले. ज्यांनी बडोदं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, मांडवी म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध उभा असलेला चौकोनी मंडप, चारी बाजूंना कमानी. तिथून चार रस्ते चार दरवाज्यांकडे जातात: पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट. या रस्त्यांवर रिक्षा, हातगाड्या, गायी आणि लग्नाची खरेदी करणारी कुटुंबं हे सगळं एकाच वेळी चालू असतं. इथं ताशी वीसचा वेग मिळाला तर समजावं, आज बंद आहे.

म्हणून मी गाडी शिकले ती हळू चालवायला. बहुतेकांना वाटतं की जोरात चालवणं अवघड आणि सावकाश सोपं. आहे उलटं. एकदा वेग घेतला की गाडी स्वतःच सरळ राहू पाहते, तुम्हाला फार काही करावं लागत नाही. चालत्या माणसाच्या वेगानं जाताना मात्र तोल सगळा तुमच्याकडे येतो. त्यासाठी पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर थोडासा आणि एकसारखा ठेवायचा, क्लच जिथं पकडायला लागतो तिथंच बोटांनी खेळवायचा आणि मागचा ब्रेक पायानं हलका दाबून धरायचा. पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. हँडल वळलेलं असताना तो दाबला की गाडी कुशीवर येते. आणि नजर पुढच्या चाकावर नको, जिथं जायचंय तिथं हवी. गायीकडे बघत राहिलात तर गायीकडेच जाल.

या कामाला पप्पांची स्प्लेंडर सगळ्यांत बरी. हिची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं परदेशी भागीदारीला दार किलकिलं केलं आणि जपानी कंपन्यांच्या 100 सीसीच्या गाड्या आपल्याकडे आल्या. 1985मध्ये हीरो होंडाची सीडी 100 आली, त्याच वर्षी यामाहाची आरएक्स 100. स्प्लेंडर 1994ची. पुढे हीरो आणि होंडा वेगळे झाले, आणि आता हीरोचा एक कारखाना आमच्याकडे हालोललाच आहे. सत्त्याण्णव सीसीचं इंजिन, वजन बेताचं, पेट्रोल चमचाभर. स्प्लेंडरबद्दल कुणी कविता करत नाही. पण रोज सकाळी एका किकमध्ये चालू होणारी गाडी हीही चैनच आहे, हे जुन्या गाडीच्या शेजारी ती उभी असली की कळतं.

जुनी गाडी म्हणजे आजोबांची येझदी, 1986ची रोडकिंग. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. हा कारखाना फारूख इराणी या पारशी उद्योजकानं काढला. 1961च्या सुमारास तिथं चेकोस्लोव्हाकियाची जावा बनायला लागली, 1973पासून त्याच गाड्या येझदी नावानं विकल्या जाऊ लागल्या, आणि 1996मध्ये कारखाना बंद झाला. अलीकडे दोन्ही नावं पुन्हा बाजारात आलीत, पण त्या गाड्या वेगळ्या. यंत्र वेगळं, आवाज वेगळा.

तर आवाज. येझदी टू-स्ट्रोक आहे. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन एकदा वर-खाली झाला की एक स्फोट होतो. फोर-स्ट्रोकमध्ये, म्हणजे स्प्लेंडर किंवा बुलेटमध्ये, पिस्टन दोनदा वर-खाली झाल्यावर एक. त्यामुळे तेवढ्याच फेऱ्यांत टू-स्ट्रोकमध्ये दुप्पट स्फोट होतात आणि ते कानाला सुटे सुटे ऐकू येत नाहीत, त्यांची एक टर्रर्र बनते. ताकद पटकन मिळते ती त्यामुळेच. आरएक्स 100ची आजही एवढी किंमत लावतात त्याचं कारण हेच: छोटं इंजिन, शंभर किलोच्या आसपास वजन, आणि अकरा हॉर्सपॉवर. टू-स्ट्रोकला इंजिनात वेगळं ऑइल भरून ठेवता येत नाही, ते पेट्रोलबरोबरच आत जातं आणि बरोबरच जळतं. आमच्या रोडकिंगमध्ये ते हातानं मिसळावं लागतं, लिटरमागे तीस-चाळीस मिली. निळसर धूर आणि तो वास यातूनच येतो.

येझदीची आणखी एक गंमत आहे, जी पाहून पाहुणे हमखास अडकतात. तिला वेगळी किक नाही. डाव्या बाजूला जो गिअरचा दांडा आहे तोच आत दाबून वर फिरवायचा, की झाली किक. गाडी चालू झाली की तो पुन्हा गिअर. मी पहिल्यांदा ती एकटीनं चालू केली तेव्हा आजोबा ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही, फक्त म्हणाले, “चोक बंद कर आता.” कौतुक आमच्याकडे असंच करतात.

बुलेट मामाची, 1998ची, जुन्या बीडाच्या इंजिनची. मद्रासला एनफिल्ड इंडिया 1955मध्ये सुरू झाली ती मुख्यतः सैन्याला बुलेट लागत होत्या म्हणून. पुढं इंग्लंडमधला मूळ कारखाना बंद पडला तरी मद्रासला ती बनतच राहिली. हिच्या पिस्टनची धाव 90 मिलिमीटर आहे, रुंदी 70. लांब धाव आणि आत फिरणारं जड चाक, त्यामुळे उभ्या गाडीचं इंजिन इतकं सावकाश चालतं की प्रत्येक ठोका मोजता येतो. सौराष्ट्रातल्या लोकांनी हिचं पुढचं अर्ध घेऊन मागं माल आणि माणसं भरायची छकडो बनवली, ती या सावकाश ताकदीमुळेच.

जुनी बुलेट चालू करणं हा छोटा विधी आहे. चावी फिरवायची, किक हळूहळू पायानं दाबत जायचं आणि डोळे अँपिअरमीटरच्या काट्यावर ठेवायचे. काटा मधे आला की थांबायचं. मग डिकॉम्प्रेशनची छोटी दांडी ओढून किक किंचित पुढं सरकवायची, दांडी सोडायची, किक वर येऊ द्यायची, आणि मग एक पूर्ण, न घाबरता मारलेली किक. यात जोर फार लागत नाही, क्रम लागतो. नुसत्या जोरावर मारणाऱ्याला ती उलटी किक देते, आणि ती पोटरीला महिनाभर लक्षात राहते. “मुलींना बुलेट चालू होत नाही” असं म्हणणाऱ्या एका गृहस्थांना मी हा क्रम समजावून सांगितला होता. त्यांनी तो मनापासून ऐकला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

आणि मामाच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आहे, ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. स्प्लेंडरचा गिअर डाव्या पायाशी आणि चारही खाली. एकीवरून उतरून दुसरीवर बसलं की पहिले काही मिनिटं शरीर जुनी भाषा बोलत असतं. आपण घरी मराठी, दुकानात गुजराती आणि वर्गात इंग्रजी बोलतो तेव्हा जी एक बारीकशी अडखळ येते ना, अगदी तशी. मला खरी मजा तिथं वाटते. एकच गाडी वर्षानुवर्षं चालवली की ती दिसेनाशी होते. दुसरीवर बसलं की पायाला, मनगटाला, कानाला पुन्हा विचार करावा लागतो.

वेगाची मजा नाही का? आहे. त्यासाठी आम्ही चांपानेर दरवाज्यानं बाहेर पडून नावाप्रमाणे चांपानेरलाच जातो. पावागढ बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर. मोकळ्या रस्त्याला लागलं की एक चमत्कारिक गोष्ट घडते: डावीकडे वळायचं असेल तर हँडलची डावी मूठ पुढं ढकलावी लागते, म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे जातं. त्यामुळे गाडी डावीकडे झुकते आणि झुकली की वळते. सायकलच्या बाबतीत विल्बर राइटनं, तोच विमानवाला, हे बारकाईनं पाहून ठेवलं होतं. आपण सगळे हे नकळत करत असतो. मुद्दाम करून पाहिलं की बुलेटसारखं धूडही बोटभर ढकलण्यानं वळतं.

साहित्याच्या विद्यार्थिनीनं रॉबर्ट पर्सिगचं नाव घ्यायलाच हवं. 1974च्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’मध्ये जॉन नावाचा मित्र आहे. त्याच्या महागड्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल होतं. निवेदक सुचवतो की बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घाल, काम होईल. जॉनला हे अपमानास्पद वाटतं. वर्गात यावर बरीच तात्त्विक चर्चा झाली. मला आठवत होतं आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं गॅरेज, जिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कुठं बसणार नाही असा भागच नाही. तिथल्या मिस्त्रीकाकांना जॉनचा राग समजावून सांगणं कठीण गेलं असतं.

पण गाडी ठेवणं म्हणजे नुसती मजा नाही, आणि आमच्या घरी सध्या हाच विषय आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. येझदीची यंदा पुन्हा संपतेय. आजोबा आता चालवत नाहीत. पप्पांचं म्हणणं, विकून टाकू, संग्राहक चांगले पैसे देतात. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीला हे चांगलं नाही.

आणि धूर. समोरच्या काकींच्या नातवाला दमा आहे. आमची पोळ एवढी अरुंद की येझदी चालू केली की धूर थेट त्यांच्या खिडकीत. जुन्या गाड्यांवर प्रेम करणारे लोक हा मुद्दा सहसा टाळतात. मला टाळता येत नाही, कारण खिडकी रोज दिसते. बुलेटला फटाक्यासारखा आवाज करणारा सायलेन्सर बसवणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही. तो शौक दुसऱ्यांच्या कानांवर पोसलेला आहे.

सध्या ठरलंय ते असं. पोळीत येझदी चालू करायची नाही, ढकलत मुख्य रस्त्यापर्यंत न्यायची आणि तिथं किक मारायची. ढकलणार मी, कारण आजोबांची अट आहे की ठेवायची तर कागद माझ्या नावावर झाले पाहिजेत. पप्पा अजून हो म्हणालेले नाहीत, पण परवा फोनवर त्यांनी विचारलं की पेट्रोलची नळी कुठल्या मापाची लागते. नोंदणीच्या तपासणीआधी ती बदलायची आहे, मागचा दिवा लागत नाही तो बघायचा आहे, आणि हॉर्न.